घरटी एक

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी आमच्या ओटीवर आल्प्स पसरला होता. गुळगुळीत कागदाचा, चार घड्यांचा नकाशा. खाडीवरचा वारा तो उडवू नये म्हणून एका कोपऱ्यावर बाबांचा विळा, दुसऱ्यावर मनुआत्याचा बत्ता, तिसऱ्यावर पाण्याचा तांब्या आणि चौथ्यावर सदानंदचा गुडघा. सदानंद माझा नवरा. मुंबईत स्विस लोकांच्या एका रंगांच्या कंपनीत तो आहे, आणि कंपनी त्याला हिवाळ्यापासून सहा महिने तिकडे शिकायला पाठवणार होती. मार्चमध्ये बायकोला पंधरा दिवस बोलावून घ्यायची सवलत होती. त्यातला एक आठवडा बर्फात काढा, असं त्याच्या गोऱ्या साहेबानं सुचवलं होतं आणि दोन गावांची दोन पत्रकं त्याच्या हातात ठेवली होती. यातलं एक ठरवा, मला कळवा, मी खोली सांगून ठेवतो. तेव्हापासून आमच्या माटुंग्याच्या घरात दुसरा विषय नव्हता, आणि माहेरी दोन दिवसांसाठी आले तर तोच विषय लाँचमधून माझ्या मागोमाग रेवसला उतरला होता.

बाबा पायरीवर बसले होते, पाय बाहेर सोडून. पाय धुतलेले होते. तरी जावई ओटीवर बसला की ते पायरीवरच बसत. मला ते दिसे आणि राग येई. राग कुणाचा, हे मी कधी नीट ठरवलं नाही.

"म्हणजे कसं आहे बाबा," सदानंद म्हणाला, "हे मोठं आहे ना, ते लिंक्ड आहे. जोडलेलं. चार दऱ्या, पण पास एकच. सकाळी तारेवरच्या पाळण्यात बसायचं, वर जायचं, पलीकडच्या दरीत घसरत उतरायचं. तिथून परत पाळणा, परत पलीकडे. एकदा उतरलेली वाट दुसऱ्यांदा बघायचीच नाही. दुपारचं जेवण तर दुसऱ्या देशात."

"दुसऱ्या देशात? आन् कोन इचारत न्हाय?"

"कोण विचारणार? बर्फच सगळा. आणि हे दुसरं, लहान. इथं तीन डोंगर आहेत, पण तिन्ही सुटे. एकावरून खाली आलात की पायातल्या फळ्या काढायच्या, खांद्यावर घ्यायच्या, बस धरायची आणि दुसऱ्या डोंगराच्या पायथ्याशी जायचं."

"म्हंजे दर टायमाला गावातच परत?"

"तेच तर ना. दर वेळी गावातच."

"वाईट," बाबा म्हणाले आणि मान हलवली. सगळा जन्म शेतातून गावात आणि गावातून बांधावर गेलेल्या माणसाला त्यात काय वाईट वाटलं असेल? काही नाही. जावयाला वाईट वाटत होतं म्हणून त्यांनाही वाटलं.

आत्या आतून सूप घेऊन आली. ती बाबांची धाकटी बहीण, लवकर विधवा झालेली. आई गेल्यापासून घर तिनंच ठेवलं. नकाशाला वळसा घालून ती भिंतीला टेकली आणि म्हणाली, "फळ्या पायाला बांदून घसरायचं? आमी बांदावर फुकट घसरतो तं लोक हसतात. तुमी पैशे भरून घसरनार?"

सदानंद हसला. मग बाबांनी विचारलं, "जावई, बरफ खारट असतं का हो?" हे विचारणं साधं होतं. बाबांनी जन्मात पांढरं पसरलेलं रान पाहिलं ते मिठागरांचंच. उरणकडे लहानपणी मामाकडे राहिले तेव्हा सकाळी उठलं की डोळे दिपत, असं ते सांगत. पण सदानंद इतका हसला की गुडघा हलला आणि नकाशाचा चौथा कोपरा उडाला. "बर्फ खारट असतो का! केसर, ऐकलंस? हे मी ऑफिसात सांगणार." बाबाही हसले. आपण काही चांगलं बोललो असं त्यांना वाटलं. मी कोपरा परत खाली दाबला.

त्या दोन पत्रकांचा मला मुंबईतच वीट आला होता. रोज संध्याकाळी जेवण झालं की ताटं उचलून तीच टेबलावर मांडली जात. सदानंद ती वाचे तशी त्यानं गणिताची पुस्तकंसुद्धा कधी वाचली नसतील. एका बाजूला जोडलेलं, दुसऱ्या बाजूला सुटं. जोडलेल्यात मोकळेपणा आहे. सुट्यात स्वस्ताई आहे. जोडलेल्यात गर्दी, सुट्यात झाडी. जोडलेल्यात वारा सुटला की वरचे पाळणे बंद पडतात आणि माणूस नको त्या दरीत अडकतो. मग मोटारीनं डोंगराला वळसा घालून घरी. सुट्यात अडकण्याचा प्रश्न नाही, पण मित्रांना सांगणार काय? हा शेवटचा मुद्दा तो बोलत नसे. तो मला त्याच्या हनुवटीवर दिसे. 'लिंक्ड' हा शब्द तो अशा काही कौतुकानं म्हणे की मला वाटे, मूल झालं असतं तर यानं त्याचं नाव हेच ठेवलं असतं. शेजारचे कारखानीस यायचे, त्यांची बायको यायची, आणि बर्फाचा एक कणही न पाहिलेली चार माणसं आल्प्सच्या दऱ्यांची वाटणी करत बसायची. मी चहा करायची. मी बर्फ पुस्तकांतून भरपूर वाचला होता, रशियन बर्फ, नॉर्वेतला बर्फ, घोडे गाडून टाकणारा आणि माणसांना उशिरा घरी पोचवणारा. त्या बर्फात पाळणे नव्हते. पण मी ते बोलले नाही. मी वाचते हे सदानंदला आवडतं, घरात चांगलं कपाट असावं तसं.

आणि एक गोष्ट मी पत्रकं घरी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी पाहिली होती. नकाशावर वाटा रंगांत होत्या. निळ्या शिकाऊंच्या, लाल सराईतांच्या, काळ्या जिवावर उदार झालेल्यांच्या. खाली तळटिपेत तसं स्पष्ट लिहिलं होतं. चारही दऱ्या एकमेकींना जोडलेल्या होत्या खऱ्या. पण जिथं जिथं जोड होता तिथली प्रत्येक वाट लाल किंवा काळी होती. निळ्या वाटा आपापल्या दरीच्या तळाशी, हॉटेलांच्या अंगणात, अंगठ्याएवढ्या. फळ्यांवर कधी उभाही न राहिलेला माणूस त्या आठवड्यात एकच काम करू शकत होता: हॉटेलसमोरच्या उतारावर पडणं आणि उठणं. जोडलेलं काय, सुटं काय, त्याला दोन्ही सारखंच. सदानंद महिनाभर जी निवड करत होता ती त्याच्यासाठी नव्हतीच. मी हे त्याला सांगितलं नाही. एखाद्याच्या सदऱ्याला मागून डाग असावा आणि तो सभेत ऐटीत फिरत असावा, तसं मी त्याच्याकडे बघत राहिले. त्यात एक थंड सुख होतं. लग्नाला आठ वर्षं झाली की अशी सुखं पुरतात.

ओटीवर नकाशा पसरला त्याच्या दुसऱ्या दिवशी पुनवेचं उधाण होतं. आमचं गाव धरमतरच्या खाडीला लागून. शेतं खाडीच्या पाण्याच्या पातळीखाली. मध्ये फक्त मातीचा बांध. हा बांध कुणा एकाचा नसतो. कुठंही भगदाड पडलं, आम्ही त्याला खांड म्हणतो, तर खारं पाणी एका शेतातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जातं, आणि एकदा खारं पाणी बसलं की दोन-तीन वर्षं तिथं भाताची काडी उगवत नाही. म्हणून रीत अशी, की खांड पडली की घरटी एक माणूस बांधावर. कुणाचं शेत खांडीजवळ आहे आणि कुणाचं लांब, हे कुणी विचारत नाही. माणसं रांगेत उभी राहतात, चिखलाचे गठ्ठे हातोहात पुढे जातात, आणि जे सगळ्यांत घट्ट ते खांडीच्या तोंडात छातीभर पाण्यात उभे राहतात. खांड बुजली आणि बांध धरला की नारळ फुटतो. खोबऱ्याचा एकेक तुकडा एकेका घराला. तो खायचा ज्याचे पाय चिखलात होते त्यानंच. लहान मुलांना नाही, बायकांना नाही, पाहुण्यांना नाही. हे सदानंदला सांगायची गरज नव्हती. त्याचे वडील अलिबागच्या कोर्टात कारकून झाले तेव्हा त्यांचं घर शेतातून उठलं, पण त्याचा आजा शहापूरच्या बांधावर असाच उभा राहत असे. लग्न ठरवायला आले तेव्हा त्यांनी हे अभिमानानं सांगितलं होतं.

मी लहान असताना बाबा तो तुकडा कमरेच्या फडक्यात लपवून आणायचे. मागच्या दाराशी मला बोलवायचे, स्वतःच्या पोटरीवरचा ओला चिखल बोटानं काढून माझ्या दोन्ही पावलांना फासायचे आणि म्हणायचे, "आता झाले बाय तुजे पाय चिखलात." मग दातांनी तुकडा मोडायचे. अर्धा मला. रीत त्यांनी कधी मोडली नाही. तिला फक्त माझ्यापर्यंत ओढून आणलं. चिखलाचा खारट वास आणि खोबऱ्याची गोडी मला अजूनही वेगळी करता येत नाही.

भात निसवलं होतं, कणसं दुधात होती. ऊन कडक. जेवणाच्या आधी पत्र्याचा डबा बडवत कुणीतरी बांधावरून धावत आलं आणि मागोमाग नामाकाकांचा आवाज. नामाकाका बाबांच्या वयाचे, बांधाची हाक तेच देतात. "खांड परलीऽ! घरटी एकऽ! घरटी एकऽ!" बाबा माजघरात आडवे झाले होते. दोन दिवस त्यांच्या छातीत कफ होता, रात्री खोकत होते. आत्यानं आल्याचा रस दिला होता. ते उठून बसले. कमरेचं फडकं आवळलं. ओटीवर आले. ओटीवर सदानंद नकाशा घेऊन बसला होता. त्या सकाळी त्याचं जवळजवळ ठरत आलं होतं. दुसऱ्या दरीतून तिसऱ्या दरीत कुठून जायचं ते तो शोधत होता आणि त्याचं बोट एका लाल रेघेवर होतं.

त्यानं मान वर केली. "काय झालं?"

"खांड परली. जाऊन येतो."

"मी येऊ का?" सदानंद म्हणाला.

बोट त्यानं उचललं नाही. मी दारात उभी होते आणि मला ते स्पष्ट दिसलं. जागा हरवू नये म्हणून त्यानं ते रेघेवर तसंच दाबून धरलं होतं. त्याच्या बोटाचं पेर पांढरं झालं होतं. त्याच्या आवाजात नम्रता होती, काळजी होती, सगळं होतं. बोट मात्र आल्प्सवर होतं.

बाबा हसले. "जावयाला कोन चिखलात उतरवतं का? बसा, बसा. तुमचं काम चाललंय."

"बरं," सदानंद म्हणाला. त्यानंतर काय म्हणाला हे मला आठवतं, कारण तो खरोखर म्हणाला: "जपून जा हं, बाबा."

ते परत आले ते उघाडीच्या फळीवर. उघाडी म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. त्याची जुनी फळी काठावर पडलेली असते, ती चौघांनी उचलून आणली. खांडीच्या तोंडात ते छातीभर पाण्यात उभे होते. एक गठ्ठा त्यांनी घेतला आणि पुढच्याकडे दिला नाही, हातातच धरून राहिले, मग वाकले, असं नामाकाका म्हणाले. ओटीवर ठेवायला जागा हवी होती. सदानंदनं नकाशा घाईघाईनं गोळा केला. घाईतही घड्या होत्या तशाच पाडल्या. मी त्याच्याकडे बघत होते. माझ्या बापाच्या पायांना गुडघ्यापर्यंत ओला चिखल होता आणि मी नवऱ्याच्या घड्या मोजत होते. माणसाचं मन दुःखात मोठं होतं असं मी पुष्कळ पुस्तकांत वाचलं आहे. लिहिणाऱ्यांना तसं वाटलं असेल.

तिथंच, फळीजवळ, कुणीतरी बाई म्हणाली, "जावई व्हता ना घरात?" आणि रडणारी आत्या, हुंदका न थांबवता, म्हणाली, "त्यांचं आंग तापलं व्हतं वं. सकाल्पासून कणकण." मी आत्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती घराची अब्रू राखत होती, आणि ती राखायची सवय तिला फार जुनी होती. त्यानंतर बारा दिवस जो आला त्यानं विचारलं आणि त्याला तेच उत्तर मिळालं. कुणी माझ्याकडे वळून "आता बरं हाय का त्यांना?" असं विचारी. मी मान खाली घाली. त्याला लोक दुःख समजत.

सदानंदनं आजार फार चांगला सांभाळला. पहिल्या दिवशी तो गोंधळला, दुसऱ्या दिवशी गप्प राहिला. तिसऱ्या दिवशी मी त्याला आत्याकडे सुंठीचा काढा मागताना ऐकलं. मग खांद्यावर शाल आली. भेटायला आलेल्यांत अलिबागचे त्याचे चुलते होते, त्यांच्याशी बोलताना तो म्हणाला, "काय साधा माणूस हो. आदल्या दिवशी मला विचारत होते, बर्फ खारट असतो का." चुलत्यांनी डोळे पुसले. तीच गोष्ट, जी हसून सांगायची ठरली होती, आता रडून सांगता येत होती. काही फुकट गेलं नव्हतं.

दहाव्याला कावळा लगेच शिवला. आत्याला बरं वाटलं. मला वाटलं, बाबा मेल्यावरसुद्धा पायरीवरच बसले. कुणाला खोळंबून ठेवलं नाही. तेराव्याचं जेवण उरकलं, चुली विझल्या, माणसं पांगली, आणि दुपारी सदानंदनं ट्रंकेतून ती दोन पत्रकं आणि नकाशा बाहेर काढला. दरवाजा लोटून नव्हे, उघड ओटीवर. "केसर," तो हळू आवाजात म्हणाला, "मला कळतंय तुझी मनःस्थिती. पण साहेबाला सोमवारी सांगायला हवं. तुला बदलच हवा आहे. उलट आता तर तू यायलाच हवंस." मी पायरीवर बसले होते. कधी बसले ते मला कळलं नव्हतं. "तूच सांग ना. जोडलेलं की सुटं?" आठ वर्षं तो मला असं विचारत आला होता, पडद्यांचा रंग, सिनेमा, डॉक्टर, आणि आठ वर्षं माझं उत्तर एकच होतं: तुम्हाला आवडेल ते. ते उत्तर माझ्या जिभेवर आलं. इतकं सरावाचं होतं की त्याला माझी गरज नव्हती.

समोरून नामाकाका आले. भांगेच्या, म्हणजे उधाण ओसरल्यावरच्या लहान भरतीत खांड शेवटी पुरती बुजली होती. मधल्या दिवसांत ती दोनदा परत फुटली होती. बांधावरून ते थेट आले होते, पोटरीपर्यंत चिखल, आणि हातात केळीच्या पानाचा तुकडा. ओटीवर चढले नाहीत. पान त्यांनी ओटीच्या कडेवर ठेवलं, नकाशापासून वीतभर अंतरावर. पानावर खोबऱ्याचा एक तुकडा होता.

"बांध धरला आज," ते म्हणाले. "तुज्या बापाचा, दयारामच्या घराचा हाय. घरात ठेव बाय. त्याचे पाय पैल्या दिशी व्हते." मग त्यांनी सदानंदकडे पाहिलं, आदरानं, जावयाकडे बघावं तसं. "जावई, आंग कसं हाय आता?"

"आता ठीक आहे," सदानंद म्हणाला. शाल त्यानं किंचित वर ओढली. "त्या दिवशी मात्र फारच कणकण होती. नाहीतर मीच गेलो असतो."

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याला ते आठवत होतं. ताप त्याला येऊन गेला होता, अंग दुखलं होतं, आत्यानं त्याला उठू दिलं नव्हतं; मार्चमध्ये तिथल्या हॉटेलच्या शेकोटीपाशी बसून तो हे कुणाला तरी सांगेल, आणि मी शेजारी मान खाली घालून बसलेली असेन, आणि त्या लोकांनाही ते दुःख वाटेल. आणि हे चालू असताना, बोलता बोलता, समोर प्रसाद ठेवला की हात जातो तसा त्याचा हात गेला. त्यानं पानावरचा तुकडा उचलला, कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. एका गालात धरून त्यानं नकाशा माझ्याकडे सरकवला.

"मग जोडलेलंच ठरवू ना?"

नामाकाका रिकाम्या पानाकडे बघत राहिले. दारात आत्या आली होती. तिचा हात तोंडाशी गेला. सदानंदची पावलं नकाशाजवळ होती, धुतलेली, कोरडी, नखं कापलेली. तो चावायला लागला. खोबरं दातांखाली येण्याचा आवाज मला ऐकू आला.

"नामाकाका," मी म्हणाले. माझा आवाज मोठा निघाला. अंगणापलीकडून जाणारी एक बाई थांबली. "ह्यांना काही झालं नव्हतं. ताप नव्हता. कणकण नव्हती. तुमची हाक ह्यांनी ऐकली. बाबा खोकत उठले आणि हे बसून राहिले. इथं. नकाशावर बोट ठेवून."

"केसर," सदानंद म्हणाला. गाल तसाच फुगलेला होता.

मी उठले, ओटीवर चढले आणि त्याच्या समोर हात पसरला.

"काढा तो तोंडातून. तो बाबांचा आहे."